बूडबघे अण्णा

अण्णांना चहा द्यायचा तो अर्धा कप, आणि तोही ते खुर्चीत नीट टेकल्यावर, असं शाहूपुरीतल्या बायकांनी एव्हाना आपापसांत ठरवून टाकलंय. भरला कप हातात आला रे आला की पहिला घोट घ्यायच्या आधी अण्णा बशी वर धरून खालून बघतात. बशीचं झालं की कपाची पाळी. कप चहासकट वर जातो, मान मागं जाते, डोळे बारीक होतात, आणि चहा कुठं जातो ते त्या घरच्या सोफ्याला विचारावं. "बोन चायना म्हणून दिला काय वैनी तुमास्नी?" अण्णा विचारतात. वहिनी मान डोलावतात. "असू दे, असू दे," म्हणत अण्णा उरलेला चहा पितात, आणि त्या दिवसापासून त्या सेटवरून वहिनींचं मन उडतं.

ओळखलंत ना? तुमच्याकडं हेच गृहस्थ जुनी नाणी गोळा करत असतील, नाहीतर काडेपेटीचे छाप, अडकित्ते, व्हॉल्व्हचे रेडिओ. कोल्हापुरात पेठेगणिक असा एक तरी आहे, आणि लग्नकार्यात तो नेमका आपल्याच शेजारच्या खुर्चीत येऊन बसतो. शाहूपुरीतल्या या अण्णांचा विषय कुत्री हा आहे. भुंकणारी नव्हेत. इंग्लंडातल्या स्टॅफर्डशायर परगण्यात दीडेकशे वर्षांपूर्वी भाजलेली, पांढऱ्या अंगावर विटकरी डाग असलेली, लोंबत्या कानांची, गळ्यात सोनेरी साखळी आणि कुलूप घातलेली चिनी मातीची कुत्री. ती जोडीनं बसतात. एक डावीकडं बघतं, एक उजवीकडं, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर उसने पैसे मागायला पाहुणा आल्यासारखा भाव असतो.

अण्णांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. बैलगाडी काट्यावर चढली की उसात पाला किती, माती किती हे आपल्याला नुसत्या नजरेनं कळायचं, असं ते सांगतात. काट्यावरच्या माणसाला शेतकरी काय म्हणतात, ते मात्र सांगत नाहीत. जन्मभर दुसऱ्याच्या मालाकडं संशयानं बघून पगार घेतलेल्या माणसाला निवृत्तीनंतर दुसरा कोणता नाद लागणार?

पुतण्यासाठी मुलगी बघायला अण्णा गडहिंग्लजकडं गेले होते, तेव्हाची गोष्ट त्यांच्या नात्यात अजून सांगतात. पोह्यांच्या ताटल्या आल्या. स्टीलच्या. स्टीलच्या ताटलीच्या बुडाशी स्टॅफर्डशायर कुठून येणार? पण हात राहतो होय! अण्णांनी आपले पोहे बायकोच्या ताटलीत लोटले, ताटली उलटी केली आणि तिच्यावर घातलेलं नाव मोठ्यानं वाचलं. नाव यजमानांचं नव्हतं. आडनाव नव्हतं, गावही नव्हतं. पुढं "यांजकडून सप्रेम भेट" आणि साल. बैठकीत कुणी बोलेना. शेवटी मुलीच्या वडिलांनी ताटल्या शेजारून आणल्याचं सांगून टाकलं. शेजारीण मदतीला आली होती, ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आणल्यात म्हंजे, गेल्या दिवाळीला आणल्यात." लग्न जमलं. पण जेवणावळीत नवऱ्यामुलाच्या काकांना मुद्दाम पत्रावळीवर वाढलं. अण्णांनी तीही उचलून बघितली म्हणे.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध फेसासकट ग्लासात मिळतं. तिथला गवळी अण्णांच्या हातात ग्लास देताना "आधी प्या, मग बघा" असं बजावतो. तांबड्या रश्श्याची वाटी उलटी करून बघितल्याचा डाग त्यांच्या एका शर्टावरून अजून गेलेला नाही. पांढऱ्याचा गेला. टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. रोमन व्यापाराबरोबर पंचगंगेकाठी आलेला हा समुद्रदेव बघायला लांबलांबचे अभ्यासक येतात आणि हात जोडल्यासारखे उभे राहतात. अण्णांनी तिथल्या माणसाला मूर्ती जरा आडवी करता का, असं विचारलं. तोही कोल्हापूरचाच. तो म्हणाला, "अण्णा, तुमीच आडवं व्हा की."

आणि एवढा खटाटोप कशासाठी? बुडाशी काहीच नसतं म्हणून!

अण्णांना पहिलं कुत्रं मिरजेत एका जुन्या बंगल्याच्या आवराआवरीत मिळालं. बुडाशी ठळक छापलं होतं, मेड इन इंग्लंड. अण्णांनी गल्लीत पेढे वाटले आणि पेढ्याबरोबर प्रत्येकाला ते बूड दाखवलं. पुढं वाचन वाढलं, तसा पेढा कडू लागायला लागला. १८९१ पासून अमेरिकेच्या मॅकिन्ली जकात कायद्यानं परदेशी मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं, तेव्हा इंग्रज कारखानदार मालावर 'इंग्लंड' असं छापू लागले. 'मेड इन इंग्लंड' हा शिक्का तर विसाव्या शतकातला. खऱ्या जुन्या कुत्र्याच्या बुडाशी बहुतेक वेळा नाव नाही, गाव नाही, कारखाना नाही. ज्याच्या खाली स्टॅफर्डशायर असं लिहिलंय ते अण्णांना हवं असलेलं स्टॅफर्डशायर नव्हेच. तेव्हापासून अण्णा बूड बघतात ते तिथं काही नाही ना, याची खात्री करून घ्यायला. कोरं बूड दिसलं की त्यांना जे समाधान होतं, ते पाहून नवखा माणूस घाबरतो.

अगदीच काही नसतं असंही नाही. भोक असतं. या भोकावर अण्णा तासभर बोलतात. इथं थोडक्यात उरकू. जुन्या पद्धतीत प्लॅस्टरचा दोन भागांचा साचा असे. मातीची पोळी लाटून दोन्ही भागांत दाबायची, मग भाग जुळवायचे आणि सांधा पातळ मातीनं बुजवायचा. कुत्रं आतून पोकळ राहतं. भट्टीत आतली हवा फुगून ते फुटू नये म्हणून खिळ्याच्या टोकाएवढं भोक ठेवायचं. पुढं पातळ माती साच्यात ओतून जादाची ओतून काढायची पद्धत रुळली. ओतायला वाट हवी, म्हणून बुडाचं भोक बोटभर झालं. बारीक भोक ते जुनं, मोठं भोक ते नवं, हा पहिला ढोबळ नियम. मग बाकीचं बघायचं. सोनं मऊ आणि झिजकं आहे की लखलखीत? (चकचकीत पातळ सोनं १८८० च्या सुमारास आलं.) पुढचे पाय सुटे घडवलेत की छातीतच दाबून बसवलेत? पाठ कोरी आहे का? पाठ कोरीच हवी, कारण कुत्रं शेकोटीच्या वरच्या फळीवर भिंतीला पाठ लावून बसायचं, आणि जे दिसत नाही त्याला रंग कोण फासणार. चहात बुडवून जुनाट केलेले तडे अण्णा नखानं ओळखतात. एकदा जिभेनं.

भोक मोजायचं अण्णांचं माप म्हणजे त्यांची करंगळी. ती आत गेली की सौदा फिसकटला. मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानात ती आत गेली आणि बाहेर येईना. तेल झालं, साबण झाला. दुकानदार म्हणाला, आता घ्यावंच लागेल. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता पैसे मोजले आणि ते नकली कुत्रं उजव्या हाताच्या बोटात घालून महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये चढले. टीसीनं तिकीट मागितलं तेव्हा सवयीनं तोच हात पुढं गेला. मिरज सोडल्यावर बोट सुटलं. ते कुत्रं अजून कपाटात आहे, वरच्या खणात.

आता ही जात कोणती आणि राणीचा संबंध काय, हे अण्णांच्या घरी कुणी विचारू नये. विचारलं नाही तरी ते सांगतातच. ही किंग चार्ल्स स्पॅनिएल. १८३३ मध्ये सर जॉन कॉनरॉय यांनी व्हिक्टोरियाच्या आईला यातलं एक भेट दिलं, त्याचं नाव डॅश. ते लेकीनं आपलंसं केलं. २८ जून १८३८ ला राज्याभिषेक झाला, सगळा लवाजमा संपवून एकोणीस वर्षांची राणी वाड्यावर परतली, आणि तिनं पहिलं काम काय केलं? डॅशला आंघोळ घातली. "मुकुट काढला, बाह्या सारल्या आणि साबण लावला," हे सांगताना अण्णा प्रत्यक्ष बादली धरून उभे असल्यासारखे दिसतात. १८४० मध्ये डॅश मेला. पण राणीचं कुत्रं सगळ्यांना हवंहवंसं झालं होतं. ज्यांना जिवंत परवडलं त्यांनी ते पाळलं, बाकीच्यांनी मातीचं घेतलं.

काकूंना ही गोष्ट पाठ आहे. राणीनं कुत्र्याला आंघोळ घातली इथपर्यंत अण्णा आले की आतून आवाज येतो, "आणि इथं मी घालतोय सतरा जणांस्नी." अण्णांच्या संग्रहात आठ जोड्या आणि एक विधुर आहे. दर दिवाळीला त्यांना कोमट पाण्यानं पुसून काढायचं काम काकूंचं, कारण अण्णांचा हात थरथरतो. काकू त्यांना 'तुमची मंडळी' म्हणतात. जुन्या वस्तूंचे व्यापारी गिऱ्हाइकाला एक गोष्ट सांगतात, खरीखोटी देव जाणे: दर्यावर्दी नवरा सफरीवर गेला की त्याची बायको खिडकीतली कुत्री बाहेर तोंड करून ठेवायची, आणि परतला की आत. अण्णांनी मोठ्या कौतुकानं ती काकूंना सांगितली. तेव्हापासून अण्णा कुठल्या लिलावाला गेले की काकू सगळी कुत्री भिंतीकडं तोंड करून ठेवतात. कोऱ्या पाठीची ती रांग बघितली की गल्लीला कळतं, आज अण्णा गावाला आणि काकू रागाला.

अण्णांचं इतिहासाचं वाचन मोठं आहे, पण एका डोळ्यानं केलेलं. छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले, राणीला भेटले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लोरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. त्यांची इंग्रजी रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ मध्ये छापली. त्या तरुण राजाचं कुतूहल आणि अचानक तुटलेला प्रवास, यासाठी लोक ती वाचतात. अण्णांनी ती कुत्र्यासाठी वाचली. इंग्लंडात इतक्या घरी जाणं-येणं झालं, एखाद्या दिवाणखान्यात शेकोटीवर महाराजांना जोडी दिसलीच असणार, लिहायचं तेवढं राहून गेलं, असं त्यांचं ठाम मत आहे. नव्या राजवाड्यात गेले तर पेंढा भरलेल्या वाघांकडं ते बघत नाहीत. त्यांची नजर फळ्यांवरून फिरते. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी पंचम जॉर्जला मुधोळ कुत्र्यांची जोडी भेट दिली होती, हे त्यांचं आणखी एक लाडकं उदाहरण. "आपण जित्ती दिली, त्यांनी मातीची. पण दोघांनीबी जोडीच दिली बघा." शंभर वर्षं पुरी झालेली वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते आणि देशाबाहेर नेता येत नाही, हे कळल्यावर तर त्यांची मान ताठ झाली. इंग्रज स्वतः मागायला आला तरी आता देता येणार नाही! (इंग्रज येणार नाही. तिकडच्या नव्या घरांत शेकोटीही नाही आणि तिच्यावरची फळीही नाही. आजीच्या पश्चात ही कुत्री खोक्यात भरून लिलावाला जातात.)

तसं बघितलं तर संग्राहकांची महाराष्ट्राला वाण नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वाद्यं, दारं-खिडक्या गोळा करण्यात जन्म घातला, लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या मातीत सापडलेलं खापर नि खापर जपलं. त्यातून तिथलं संग्रहालय उभं राहिलं. त्या तेरला सातवाहनकाळातल्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या मिळाल्यात, दोन भागांच्या साच्यातून काढलेल्या आणि आतून पोकळ. म्हणजे बर्सलेम आणि लाँगटनच्या कुंभारांची करामत तेरच्या कुंभाराला दीड हजारांहून जास्त वर्षं आधी येत होती. कुणीतरी हे अण्णांच्या कानावर घातलं. अण्णा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पर कुत्रं केलं न्हाई न्हवं?"

अण्णांचा राग येतो तो इथं. खापरातून केळकर-लामतुऱ्यांना आपला मुलूख दिसला, आणि या गृहस्थांना आपल्या दिवाणखान्यात साहेबाचा दिवाणखाना हवा. पाहुण्यांना ते कुत्री दाखवतात ती जणू विंडसरच्या राजवाड्यातून थेट शाहूपुरीत उतरल्यासारखी. साहेबाच्या दिवाणखान्यात ही कुत्री फारशी बसतच नसत, हे सांगायचं ते टाळतात. ती गिरणीतल्या, खाणीतल्या कामगारांच्या दोन खोल्यांतली शोभा होती. जत्रेत मिळणारी, परवडणारी वस्तू. श्रीमंतांकडं मायसेनची पोर्सेलीन असायची.

आणि ती रंगवायला बायकांबरोबर पोरंही असत. १८४० च्या दशकात इंग्लंडच्या सरकारनं मुलांच्या मजुरीची चौकशी करवली, तेव्हा सॅम्युअल स्क्रिव्हन नावाचा अधिकारी या कुंभारगावांतून कारखान्या-कारखान्यात फिरला आणि त्यानं पोरांच्या जबान्या घेतल्या. साचे उचलून तापलेल्या खोलीत पळत नेणं आणि पळत परत येणं, हे एका एका पोराचं दिवसभराचं काम. चार्ल्स शॉ नावाचा असा एक पोरगा सातव्या वर्षी कामाला लागला. म्हातारपणी त्यानं आपल्या बालपणावर पुस्तक लिहिलं, ते १९०३ मध्ये निघालं. अण्णांनी ते वाचलंय. दोन कुत्र्यांच्या भुवया सारख्या का नसतात असं पाहुण्यांनी विचारलं तर ते "हातकाम हाय" एवढंच म्हणतात आणि डॅशच्या आंघोळीकडं वळतात. पण गल्लीतल्या एका पोरानं विचारलं तेव्हा म्हणाले, "तुझ्याएवढ्या पोरानं काढल्यात. झोप येत असणार त्येला."

त्या पोराला तसं सांगायला कारण होतं. ते कुंभाराचं पोर. आषाढात बेंदूर आला की ज्यांच्या गोठ्यात बैल नाहीत त्या कोल्हापूरकरांना देव्हाऱ्यापुढं पुजायला मातीचे बैल लागतात. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, बापट कॅम्पात, पापाच्या तिकटीला त्यांच्या रांगा लागतात. बैल जोडीनंच विकले जातात. घडवतो बाप, आणि शिंगांना रंग, पाठीला झूल, डोळ्याला ठिपका लावायला घरातली बाई आणि पोरं. स्वस्त, भडक, हसऱ्या तोंडाचे. पुरणपोळीचा नैवेद्य झाला की दुसऱ्या दिवशी ते पोरांच्या हातात आणि आठवड्याभरात शिंगं मोडून कुठंतरी. बर्सलेमची कुत्री आणि शाहूपुरीचे बैल यांत फरक एवढाच, की तिथं नंतर गोळा करणारे निघाले. अण्णांच्या कपाटात बैल एकही नाही. काकू दर बेंदराला जोडी आणतात, अण्णा तिचं बूड बघतात आणि खाली ठेवतात.

कबूल करायला जड जातं, पण २०१९ च्या पुराबद्दल लिहिल्याशिवाय अण्णांचं पुरं होत नाही. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीच्या खालच्या गल्ल्यांत पाणी शिरलं तेव्हा गणेशचतुर्थी महिन्याच्या आत होती, आणि कुंभारांच्या घरांत, मांडवांत अर्धेकच्चे गणपती ओळीनं उभे होते. वर्षाचं पीक ते. अण्णांनी आधी आपली सतरा कुत्री धोतरांत, साड्यांत गुंडाळून माळ्यावर चढवली. त्या घाईत एकाचा डावा कान शिडीला लागून टवका उडाला. घरातलं धान्य भिजलं, फ्रीज आडवा झाला, गाद्या गेल्या. कुत्री कोरडी. काकू हे अजून कुणालाही ऐकवतात.

पण माळ्यावरून उतरल्यावर अण्णा निवारा शिबिराकडं गेले नाहीत, कुंभार गल्लीत गेले. तिथं तालमीची पोरं मदतीला आली होती, ताकदीनं चांगली, पण गणपतीला दंडाला धरून उचलत होती, आणि ओल्या मातीचे दंड त्यांच्या हातात येत होते. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून या म्हाताऱ्यानं अख्खी रांग लावली. एक हात बुडाखाली, एक पाठीला, छातीशी धरायचं, पुढच्याच्या हातात देताना आधी त्याचा हात बुडाखाली गेलाय का बघायचं. "बुडाखाली हात घाल रं! सोंडंला धरू नगंस!" त्या संध्याकाळी गल्लीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं. सगळे वाचले नाहीत. बरेच गेले. पण जे वरच्या मजल्यांवर, शाळेच्या वर्गांत कोरडे पोचले, त्यातले पुष्कळ अण्णांच्या रांगेतून गेले, आणि अण्णांचा हात त्या दिवशी थरथरत नव्हता. पुढचा आठवडाभर तापानं पडले, तेव्हा औषधं आणायला कुंभाराची पोरं पाळी लावून येत होती.

पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले. एक तरुण कर्मचारी दारात उभा राहून फॉर्म भरत होता. घर पक्कं की कच्चं, किती दिवस पाणी, जनावरं?

"सतरा कुत्री," अण्णा अंथरुणातून म्हणाले.

"मेली?"

"एकाचा कान गेलाय."

पोरानं कागदावर काय लिहिलं कुणास ठाऊक. काकूंनी त्याला चहा दिला. अण्णांनी निदान त्याचा कप तरी त्याच्याकडं राहू दिला.

दुसऱ्या वर्षी कुंभारानं ते तुटक्या कानाचं कुत्रं चार दिवस मागून नेलं. साचा काढायचा होता. गणपतीनंतर हाताला काम नसतं, शोभेच्या वस्तूंना गिऱ्हाईक असतं, बघावं म्हणाला. दुसऱ्या कुणी मागितलं असतं तर अण्णांनी कुत्रं अंगावर सोडलं असतं. याला दिलं, आणि शेजारी बसून साचा कसा दाबायचा, भोक किती ठेवायचं यावर चार दिवस त्याचं डोकं खाल्लं. कुंभारानं शेवटी प्लॅस्टर ओतलं, त्याच्या सवयीनं. भोक अंगठ्याएवढं झालं. डझना-डझनानं कुत्री निघाली. काही कोल्हापुरात खपली, काही कुणी ठोक भावानं नेली.

त्यातलं एक अण्णांना पुण्याच्या जुन्या बाजारात भेटलं. फाटक्या ताडपत्रीवर, पितळी समया आणि बंद घड्याळांच्या मधे. अंगाला चहाचा रंग, साखळी खरवडून झिजवलेली. विक्रेता म्हणाला, "व्हिक्टोरियन आहे काका, एका संस्थानिकाच्या घरातलं." अण्णांनी उचललं. करंगळी घालायची गरजच नव्हती. डाव्या कानाला टवका होता, नेमका तिथंच आणि तेवढाच. अण्णा बराच वेळ तो कान बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, याची जोडी आहे काय? विक्रेत्यानं पोत्यातून दुसरं काढलं. तेही डावीकडंच बघत होतं, त्याचाही डावा कान फुटलेला.

वजनकाट्यावर आयुष्य काढलेल्या माणसानं त्या दिवशी भाव केला नाही. दोन्ही कुत्री कागदात गुंडाळून कोल्हापूरला आणली, कपाटात जागा केली. काकूंनी किंमत विचारली. अण्णांनी नेहमीप्रमाणं निम्मी सांगितली.

"एवढ्यात खालच्या गल्लीत डझनभर आली असती," काकू म्हणाल्या.

"ती नवी असती," अण्णा म्हणाले.